दुपारीच बंद करू

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत चंद्रभान गावंडे यांची पूर्वी जिनिंग होती. जिथे सरकीचे ढीग पडायचे त्या जागेवर त्यांनी काही वर्षांपूर्वी दुमजली इमारत उभी केली आणि तिच्यात डेटा सेंटर सुरू केलं. सुरुवातीला लोक हसले. कापसातल्या माणसाला हे काय सुचलं म्हणाले. पण चंद्रभान भाऊ जिद्दी माणूस. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले दवाखाने, पॅथॉलॉजीच्या लॅब आणि रक्तपेढ्या त्यांनी एकेक करून गोळा केल्या. आता त्या सगळ्यांची माहिती इमारतीतल्या एका मोठ्या थंड खोलीत, लोखंडी रॅकमध्ये रचलेल्या सर्व्हरवर असायची. कोणत्या गटाचं रक्त कोणत्या रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये आहे, हे परतवाड्याच्या डॉक्टरला मोबाइलवर दिसायचं ते इथूनच.

हे सगळं चालू ठेवायची जबाबदारी हीनाची होती. ती मूळची अचलपूरची. वडिलांचं तिथे गाद्या-रजयांचं दुकान. अमरावतीला इंजिनिअरिंग करून ती पुण्याला नोकरीला गेली होती आणि वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत वऱ्हाडात आली. चंद्रभान भाऊंनी तिला कामावर घेतलं तेव्हा तिने एकच अट घातली होती: तिच्या होकाराशिवाय इथल्या कोणत्याही यंत्राला कोणी हात लावायचा नाही. भाऊंना ती अट इतकी आवडली, की नवीन गिऱ्हाईक आलं की ते हीनाला पुढे करायचे आणि तिच्याच तोंडून ती अट वदवून घ्यायचे.

त्या अटीवरूनच पुढे सगळं झालं.

सर्व्हर बारा महिने तापतात. त्यांना थंड हवा मिळाली नाही, की जळून जाण्याआधी ते स्वतःच बंद होतात. म्हणून त्या खोलीत कपाटाएवढे दोन मोठे एसी होते. सगळे त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणत. एक नंबर म्हातारा झाला होता, आणि त्याच्या जागी बसवायचं नवीन मशीन ट्रकमधून येऊन पोर्चमध्ये उभं होतं. जुनं उखडायचं आणि त्याच जागी नवीन बसवायचं, तोवर सगळा भार एकट्या दोन नंबरने उचलायचा. मे महिना चालू होता. अकोल्याचा मे. सकाळी दहानंतर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गटारात जाऊन बसायचं.

सोमवारच्या बैठकीत श्यामने आपला आराखडा मांडला. श्याम इंगळे तिथला यंत्रांचा इंजिनिअर, कामाचा पक्का पण घाईचा.

"बुधवारी दिवसा पाइप मोकळे करून ठेवू. अंधार पडला का एक नंबर काढू, रातभरात नवीन बसवू. हवा थंडी असते, दवाखान्याईचं कामबी कमी असते. गुरुवारी सकाळी चहाच्या आधी चालू."

"सकाळपर्यंत नाई बसलं तर?" हीनाने विचारलं.

"बसते."

"नाई बसलं तर, श्यामभाऊ?"

"मंग दोन नंबर आहे ना. त्याची ताकद पुरते. कंपनीनंच लिहून देलं आहे."

"मे महिन्यात, भर दुपारी, थे एकटं कधी चाललं काय?"

चाललं नव्हतं. दोन्ही यंत्रं कायम जोडीने चालत आली होती.

"मंग आधी चालवून पाहू," हीना म्हणाली. "एक नंबर जागेवर आहे तोवर, दुपारच्या उन्हात मुद्दाम बंद करू. दोन नंबरनं भार झेलला, तर बिनघोर काम करा. नाई झेलला, तर एक नंबर परत चालू करता येते. उखडून गाडीत टाकल्यावर काय चालू करता?"

चंद्रभान भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे चांगलं चालू असलेलं मशीन तू हातानं बंद करशील? थेबी उन्हात?"

"हाव. उन्हाचीच तर परीक्षा घ्यायची आहे. रात्री बंद करून काय समजते?"

"आन् त्यात सारं बंद पडलं म्हंजे?"

"म्हणून आधी दवाखान्याईले सांगून ठेवू. त्याईनं आपली तयारी ठेवावी."

हे ऐकून भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "अजिबात नाई! 'बंद' हा शब्द गिऱ्हाइकाच्या कानावर गेला नाई पायजे. येत्या सोमवारी नागपूरचे पाहुणे येऊन राहिले दुसऱ्या इमारतीत पैसा लावायसाठी. त्याईच्या आधी नवीन मशीन लागलं पायजे, आन् कोणाले खबर नाई लागली पायजे. श्याम म्हणते तसं करा."

"मंग माझा होकार नाई," हीना म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण खोलीतले सगळे तिच्याकडे पाहू लागले. भाऊंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पाहू," एवढंच ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी हीनाने सुट्टी टाकली आणि अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत तिच्या मनात चाललं होतं, की आपण हे बरोबर करतोय का. मालकाने स्पष्ट नाही म्हटलं होतं. पण ज्या लोकांना तिने स्वतःच्या तोंडाने शब्द दिला होता, त्यांच्यापासून लपवून हे काम करायचं तिला जमणार नव्हतं. बडनेरा आलं तोवर तिचं मन ठाम झालं होतं.

अमरावतीची एक रक्तपेढी त्यांची सगळ्यात मोठी ग्राहक होती. तिथल्या प्रमुख डॉ. गीतांजली वानखडे पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. हीनाने काय होणार आहे ते सरळ सांगितलं.

"म्हणजे तुमचं काम फसलं, तर माझी यंत्रणा बंद पडणार," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय."

"हो मॅडम."

"कधी करणार?"

"आमच्या लोकांच्या मनात बुधवारची रात्र आहे. गुरुवारी सकाळपर्यंत."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. "गुरुवार? तुम्हाला कोणी सांगितलं नाही? गुरुवारी माझ्याकडे थॅलेसेमियाची मुलं रक्त घ्यायला येतात. सकाळपासून बाकडी भरलेली असतात. भातकुलीची एक अपेक्षा नावाची मुलगी आहे. तिला चालेल असं रक्त सहजासहजी मिळत नाही. कधी अकोल्याच्या फ्रिजमध्ये असतं, कधी अचलपूरच्या. ते कुठे आहे हे तुमच्याच संगणकावरून कळतं मला. आणि तुम्ही नेमका गुरुवार निवडता?"

"आम्ही विचारलंच नव्हतं," हीना म्हणाली. "म्हणून तर आले."

डॉक्टरांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढून घेतलं. एक नंबर बंद करून पाहायला शुक्रवारची दुपार त्यांना चालणार होती, कारण तेव्हा मुलं घरी गेलेली असतात. मशीन बदलायला रविवार चालणार होता. बाकीच्या रक्तपेढ्यांना फोन लावून त्या स्वतःच सांगणार होत्या, आणि त्या दोन दिवशी सगळ्या जागचा साठा आधीच कागदावर उतरवून घेणार होत्या.

"तुमच्या मालकांना माहीत आहे का तुम्ही इथे आलाय ते?" निघताना त्यांनी विचारलं.

"नाही."

"कळेल तेव्हा?"

"कळू द्या," हीना म्हणाली.

ते त्याच संध्याकाळी कळलं. कुठल्याशा रक्तपेढीतून भाऊंना फोन गेला. भाऊंनी हीनाला बोलावलं नाही, तिच्याशी बोललेही नाहीत. श्यामला मात्र निरोप दिला, की ठरल्याप्रमाणे काम सुरू करायचं आणि हीनाच्या होकारासाठी थांबायचं नाही.

बुधवारी सकाळी ठेकेदार शेषराव आपली माणसं आणि पाने-पकडी घेऊन थंड खोलीत शिरला, तर एक नंबरच्या समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून हीना बसलेली. अंगावर शाल, मांडीवर लॅपटॉप, पायाशी जेवणाचा डबा. यंत्राचं दार उघडायचं तर खुर्ची हलवल्याशिवाय उघडणार नाही अशी तिने ती टाकली होती.

"ताई, जरा सरका," शेषराव म्हणाला.

"नाई सरकत."

"आमाले पाइप मोकळे करायचे आहेत."

"हे यंत्र दुपारी बंद करून पाह्यल्याशिवाय कोणाचा पाना लागणार नाई. तुमचा राग नाई शेषरावभाऊ. तुमी बाहेर पंख्याखाली बसा, चहा सांगते."

शेषरावाने श्यामकडे पाहिलं. श्याम म्हणाला, "हीनाताई, हे काय करून राहिल्या तुमी? नोकरी जाईन तुमची."

"जाऊ दे. नोकरी गेली तर मी दुसरी पाहीन. तुमी हे यंत्र काढलं आन् उद्या दुपारी दोन नंबर बंद पडलं, तर काय पाहाल?"

"तुमाले माझ्या कामावर भरोसाच नाई."

"तुमच्या कामावर आहे. उन्हावर नाई."

श्याम चिडून निघून गेला. माणसं बाहेर जाऊन बसली. हीना तिथेच बसून रोजचं काम करत राहिली. खोलीतल्या गारठ्याने तिची बोटं आखडत होती, आणि जाळीदार फरशीतून वर येणारी थंड हवा शालीत शिरत होती. दुपारी आईचा, शकीलाबींचा, अचलपूरहून फोन आला.

"बेटा, खाना खाया?"

"अभी नहीं, अम्मी. बैठी हूँ."

"आवाज कैसी काँप रही? कहाँ बैठी?"

"मशीन के सामने. कुर्सी पे. हटने को बोल रहे, हट नहीं रही."

"काम पे बैठी के धरने पे?"

"दोनों पे."

"तेरे अब्बा होते तो डाँटते," शकीलाबी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "स्वेटर पहन के बैठ."

हीनाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं याची भीती तिला सकाळपासून होती. पण ती उठली नाही.

जेवणवेळेनंतर चंद्रभान भाऊ स्वतः आले. उन्हातून आलेला माणूस, कपाळावर घाम, आणि त्या गार खोलीत शिरल्यावर एकदम शहारला. मागे श्याम उभा राहिला.

"ऊठ," भाऊ म्हणाले.

"नाई उठत, भाऊ."

"हे माझं यंत्र आहे. माझी खोली आहे. तू माझ्या पगारावर आहे."

"सगळं तुमचं आहे. पण मी लोकाईले शब्द देला, थो तुमच्याच सांगण्यावरून देला. तुमच्या शेजारी उभं राहून देला. माझ्या होकाराशिवाय हात लागणार नाई म्हणून. आता होकार नाई आन् हात लागून राहिला. मंग मी इथं बसू नोको तर कुठं बसू?"

"तू अमरावतीले जाऊन माझी इज्जत घालवली."

"मी गेली म्हणून समजलं की गुरुवारी तिथं लेकरं येतात रक्त घ्यायले. तुमाले माहीत होतं? मले नव्हतं. श्यामभाऊले नव्हतं. आपण तिघं उद्या सकाळी त्याईच्या रक्ताचा पत्ता गायब करणार होतो, आन् वरून चहा पिणार होतो."

भाऊंनी वळून श्यामकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "गुरुवारचं खरंच माहीत नव्हतं, भाऊ."

"मी आजच्या आज काढून टाकू शकतो तुले," भाऊ म्हणाले, पण आता आवाजात पहिला जोर नव्हता.

"काढा. पण शिपाई बोलावून खुर्चीसकट उचलावं लागेल. मी स्वतःहून नाई उठत."

जिनिंगच्या काळात भाऊंनी हमालांचे संप पाहिले होते, व्यापाऱ्यांशी भांडणं केली होती, पण शाल पांघरून डब्यासकट बसलेल्या बाईशी कसं भांडायचं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी हात झटकले.

"कर बाप्पा तुयी परीक्षा! उद्याच कर."

"उद्या गुरुवार आहे. शुक्रवारी."

"शुक्रवारी कर! पण बंद पडलं, तर मी सगळ्याईले तुयं नाव सांगीन. हीनानं केलं म्हणून."

"सांगा. स्पेलिंगसकट सांगा," हीना म्हणाली आणि उठली. पाय इतके आखडले होते की तिला रॅकचा आधार घ्यावा लागला.

गुरुवारचा दिवस तयारीत गेला. दोन नंबरने भार झेलला नाही तर काय करायचं, हे हीना आणि श्यामने बसून ठरवलं. खोली तापायला लागली तर काही सर्व्हर आपणच आधी बंद करायचे, म्हणजे उष्णता कमी होईल आणि रक्तपेढ्यांचे सर्व्हर चालू राहतील. प्रश्न होता, आधी कोणाचे बंद करायचे.

"आपले," हीना म्हणाली.

"आपले म्हंजे?"

"भाऊच्या ऑफिसचे. आपले कॅमेरे, आपला हिशोब, पाहुण्याईले दाखवायले केलेलं थे पडद्यावरचं चकचकीत प्रकरण. सगळ्यात आधी मालकाचं बंद."

श्यामने तिच्याकडे पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "तुमाले खरंच नोकरी नोको दिसते."

शुक्रवारी दुपारी अकोल्यात डांबर मऊ झालं होतं. डॉ. गीतांजलींचा फोन आला, की तिकडे सगळी तयारी आहे. भाऊ थंड खोलीच्या काचेबाहेर हाताची घडी घालून उभे राहिले. हीनाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बंद करून राहिली," आणि एक नंबरचं बटण दाबलं.

यंत्राची घरघर थांबली. खोलीत एकट्या दोन नंबरचा आवाज उरला. भिंतीवरच्या पडद्यावर तापमानाचा आकडा सावकाश चढू लागला, मग थांबला आणि तिथेच राहिला. श्यामने मोकळा श्वास घेतला. "पाह्यलं? झेलून राहिलं."

"थांबा थोडं," हीना म्हणाली.

भाऊ काचेचं दार उघडून आत आले. काही झालं नाही हे पाहून ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दोन नंबरचा आवाज बदलला. दम लागल्यासारखा तो वर गेला, मग आत कुठेतरी खटका पडला आणि यंत्रावर लाल दिवा लागला. ते आपोआप बंद पडलं होतं. खोलीत फक्त सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज राहिला, आणि तोही वाढत चालला.

"एक नंबर चालू कर! चालू कर!" भाऊ ओरडले.

हीनाने बटण आधीच दाबलं होतं. पण असं यंत्र एकदा बंद केल्यावर लगेच पुन्हा धावत नाही, आतला दाब उतरेपर्यंत ते वाट पाहायला लावतं. हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तो वेळ काही केल्या सरत नव्हता. आकडा चढत होता. पलीकडच्या रॅकमधून गरम हवेचा झोत तिच्या मानेवर आला.

"श्यामभाऊ, आपले बंद करा. सगळे."

श्यामने बंद केले. वरच्या मजल्यावर भाऊंच्या केबिनमधला पडदा काळा झाला, कॅमेरे गेले, हिशोबाच्या खोलीतून कोणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं. तापमान चढायचा वेग कमी झाला. हीनाने रक्तपेढ्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. तो चालू होता. अमरावतीतून कोणीतरी त्याच क्षणी रक्ताच्या कुठल्याशा पिशवीची नोंद करत होतं.

मग एक नंबर घरघरलं. म्हातारं यंत्र दोनदा खोकल्यासारखं हललं आणि चालू झालं. आकडा चढायचा थांबला, आणि हळूहळू खाली येऊ लागला.

श्याम वळून जिन्याकडे पळाला. एसीची बाहेरची यंत्रं, खोलीतली उष्णता बाहेर फेकणारी, गच्चीवर होती. थोड्या वेळाने त्याची वरून हाक आली. हीना आणि भाऊ वर गेले.

गच्चीवर पाय टाकताच भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. दोन नंबरच्या बाहेरच्या यंत्रासमोर, गच्चीच्या कठड्याला लागून, भलामोठा पत्र्याचा बोर्ड उभा होता. पाहुण्यांसाठी गेल्या आठवड्यात लावलेला. त्यावर इमारतीचं नवीन नाव होतं, 'माणिकबाई गावंडे भवन.' भाऊंच्या आईचं नाव.

"इथं उभे राहा, भाऊ," श्याम म्हणाला. तो घामाने निथळत होता. "गरम हवा बाहेर फेकली जाते, बोर्डावर आपटते आन् परत यंत्रातच घुसते. रात्री हे समजलंच नसतं. मी स्वतः लावू देला हा बोर्ड. माझ्या डोक्यात नाई आलं."

भाऊ त्या गरम हवेत उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ ओली झाली. बोर्डाकडे मान वर करून पाहत ते म्हणाले, "सोमवारनंतर काढू. पाहुणे जाऊ द्या."

"रविवारी काम आहे, भाऊ," हीना म्हणाली. "बोर्ड आधी निघाला पायजे."

"हे माझ्या मायचं नाव आहे."

"माहीत आहे."

"तुले काय माहीत? मायनं सरकी वेचून मले शिकवलं. तिचं नाव हायवेवरून दिसावं म्हणून इतकं मोठं केलं. आन् तू म्हणते खाली उतरवा."

हीनाला भाऊंबद्दल वाईट वाटलं. पण बोर्ड तिथे राहू देणं शक्य नव्हतं, आणि वाईट वाटलं म्हणून ती मागे हटणारही नव्हती.

"नाव दारावर लावा," ती म्हणाली. "आतमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस त्याच्या खालून जाईन. पण इथं राह्यलं तर रविवारी मी होकार देणार नाई. परत खुर्ची टाकून बसीन. या वेळी वर, याच बोर्डासमोर."

भाऊ तिच्यावर खेकसले. कोणाच्या बापाला घाबरत नाही म्हणाले, तिला पुण्याचं वारं लागलंय म्हणाले, श्यामलाही चार शब्द सुनावले. हीना ऐकून घेत उभी राहिली. बोलून बोलून ते थकले, आणि कठड्याला हात टेकून काही वेळ खाली जिनिंगच्या जुन्या शेडकडे पाहत राहिले. मग खाली जाताना जिन्यातून त्यांनी शेषरावला हाक मारली आणि गॅस कटर घेऊन वर यायला सांगितलं.

बोर्ड उतरल्यावर त्याच दुपारी, ऊन होतं तोवर, हीनाने एक नंबर परत बंद करून पाहिलं, आणि या वेळी दोन नंबर टिकलं. रविवारी पहाटे काम सुरू झालं. एक नंबर निघालं, पण श्यामचा अंदाज चुकला. नवीन यंत्राचे पाय जुन्या चौथऱ्यावरच्या बोल्टांशी जुळेनात. शेषरावच्या माणसांना चौथरा नव्याने तोडावा लागला, आणि जे काम दुपारच्या आत आटोपायचं होतं ते ऊन उतरेपर्यंत चाललं. त्या सगळ्या भर दुपारी एकट्या दोन नंबरने भार वाहिला. बोर्ड गेल्यामुळे गच्चीवरची गरम हवा मोकळी निघून जात होती. आकडा वर चढला, थांबला, आणि तिथेच राहिला. श्याम दर थोड्या वेळाने गच्चीवर जाऊन येत होता. हीना पडद्यासमोरून हलली नाही.

संध्याकाळी नवीन यंत्र चालू झालं. डॉ. गीतांजलींना तिने फोन केला.

"झालं? आम्हाला तर काहीच कळलं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"कळायला नको होतं, मॅडम."

"बरं. पुढच्या वेळीही येऊन सांगा. फोनवर नको. आलात म्हणजे चहा तरी होतो."

सोमवारी पाहुणे आले. भाऊंनी त्यांना थंड खोली फिरून दाखवली, नवीन यंत्र दाखवलं, आणि आमच्या श्यामने हे काम एकही सेकंद बंद न पडता करून दाखवलं म्हणून सांगितलं. श्यामने हीनाकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हीनाने मान हलवून त्याला थांबवलं. तिला त्या कौतुकाची गरज नव्हती. पण पाहुणे गेल्यावर भाऊंनी तिला वर बोलावलं, तेव्हा काय ऐकायला मिळणार ते तिला माहीत होतं.

"हे पाय हीना," भाऊ म्हणाले. "काम चांगलं झालं. मी नाई म्हणत नाई. पण माझ्या कंपनीत माझ्यासमोर कोणी खुर्ची टाकून बसलं हे मले परत नोको. आजपासून होकार श्यामचा. तुयं काम तू कर."

हीना उभी होती, तशीच उभी राहिली. "ठीक आहे. तुमची कंपनी आहे."

भाऊंना याची अपेक्षा नव्हती. "बरं मग."

"पण ज्या दवाखान्याईले मी स्वतः सांगितलं होतं, त्याईले मीच जाऊन सांगीन. माझ्या होकाराशिवाय यंत्राले हात लागत नाई असं मी म्हटलं होतं, आता तसं राह्यलं नाई म्हणून. अमरावती, अचलपूर, परतवाडा, सगळीकडं जाईन. शब्द देला तेव्हा तोंडानं देला, तर परत घेतानाबी तोंडानंच घ्यावा लागते."

"धमकी देऊन राहिली मले?"

"नाई. सांगून राहिली. गेल्या वेळी न सांगता गेली होती, त्याचा तुमाले राग आला."

चंद्रभान भाऊंच्या चेहऱ्यावर आधी संताप चढला. मग त्यांच्या मनात बहुधा डॉ. गीतांजली आल्या, बाकीचे डॉक्टर आले. त्यांनी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. खिडकीतून दिसत होतं, की खाली दारावर शेषरावची माणसं कापून लहान केलेला बोर्ड बसवत होती. तो सरळ बसला की नाही ते पाहायला भाऊ उठून खिडकीपाशी गेले, आणि हीनाकडे पाठ करूनच म्हणाले, "जाय. काम कर."

"होकार कोणाचा?"

"एकदा सांगितलं ना, काम कर म्हणून! आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

हीना खाली आली. श्याम जिन्यापाशी वाट पाहत होता.

"काय म्हणे?"

"काम कर म्हणे," हीना म्हणाली. "चला. जनरेटरचं डिझेल कधी बदललं होतं शेवटचं, सांगा मले."